पिस्टन काढून टर्बाइन: किट विमानासाठीच्या चार इंजिनांचं परीक्षण

किट विमानातलं, म्हणजे सुटे भाग घेऊन स्वतः बांधलेल्या विमानातलं, पिस्टन इंजिन उतरवून टर्बोप्रॉप, म्हणजे प्रॉपेलर फिरवणारं टर्बाइन, चढवायचं म्हटलं की बोलणं अश्वशक्तीपासून सुरू होतं. ते टाकीपासून सुरू व्हायला हवं. पंखांत किती लिटर मावतात आणि विमानाची व्हीएनई, म्हणजे कधीही ओलांडायची नाही अशी वेगमर्यादा, किती आहे, हे दोन आकडे आधी मांडले तर निम्मे बेत तिथेच बाद होतात. उरलेल्यांसाठी इंजिन निवडणं फारसं कठीण राहत नाही. या परीक्षणात चार इंजिनं घेतली आहेत: वॉल्टर एम६०१, रोल्स-रॉइस २५० (पूर्वीचं अॅलिसन), प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीटी६ए आणि चेक प्रजासत्ताकातल्या पीबीएस कंपनीचं टीपी१००.

निकाल आधीच सांगून टाकतो. दाबयुक्त केबिन, मोठ्या टाक्या आणि वीस हजार फुटांवरची उड्डाणं असतील तर टर्बाइन आपली किंमत वसूल करतं. बिनदाबाच्या दोन-चार आसनी विमानात ते करत नाही. त्याचा आवाज कितीही मोहक असला तरी.

तहान किती, टाकी केवढी

नीट लीन केलेलं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी केलेलं, पिस्टन इंजिन क्रूझमध्ये, म्हणजे सरळ प्रवासाच्या उड्डाणात, दर किलोवॅट-तासाला २६० ग्रॅमच्या आसपास इंधन घेतं. पीटी६ए, एम६०१ आणि आरआर २५० पूर्ण शक्तीवर ३६० ते ४०० ग्रॅम घेतात. टीपी१०० चा जाहीर आकडा ५१५ ग्रॅम आहे. टर्बाइन जितकं लहान तितकं ते अधाशी. ब्लेडचं टोक आणि आवरण यांच्यातली फट एका मर्यादेखाली नेता येत नाही, आणि लहान रोटरच्या मानाने तीच फट मोठी ठरते. शिवाय लहान कॉम्प्रेसरचं दाब-गुणोत्तरही कमी असतं. ऑस्ट्रेलियातल्या टर्बएरो कंपनीने आपल्या २०० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या आराखड्यात एक्झॉस्टची उष्णता परत वापरणारा रिक्युपरेटर घेतला, तो याच दुखण्यावर उतारा म्हणून.

हे सगळं पूर्ण शक्तीचं झालं. शक्ती खाली आणली की टर्बाइनची दर किलोवॅटमागची तहान वाढत जाते. म्हणून ‘मोठं इंजिन घेऊ आणि आरामात चालवू’ हा पिस्टनवाल्यांचा आवडता हिशेब इथे उलटा पडतो.

व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-१० हे चार आसनी किट विमान घ्या. टाक्या ६० गॅलनच्या, म्हणजे २२७ लिटर. २६० अश्वशक्तीचं लायकमिंग आयओ-५४० ६५ टक्के शक्तीवर तासाला ४५ लिटरच्या आसपास पितं, म्हणजे जवळपास पाच तास. तिथे आरआर २५० बसवलं तर मध्यम उंचीवर क्रूझलाच तासाला ९५ ते १०० लिटर लागतात. पाच तासांचे सव्वादोन झाले. त्यातून पाऊण तासाची राखीव आणि चढाईचं इंधन वजा केलं तर प्रत्यक्ष प्रवासाला तासाभराच्या थोडं वर काहीतरी उरतं. जमिनीवर नुसतं आयडलवरही हे इंजिन तासाला ३५-४० लिटर घेतं. रनवेच्या तोंडाशी पंधरा मिनिटं रांगेत उभं राहावं लागलं की दहा लिटर गेलेच.

जेट इंधन जड असतं याचा थोडा फायदा मिळतो. लिटरला सुमारे ८०० ग्रॅम, तर अॅव्हगॅसचे, म्हणजे पिस्टन विमानांच्या पेट्रोलचे, ७२०. त्याच टाकीत त्यामुळे १८ किलो इंधन जास्त बसतं, आणि तेवढंच वजनही वाढतं. मग जास्तीच्या टाक्या लावायचा विचार येतो. इथे हात आखडता घ्यावा. आरव्ही-१० चं कमाल वजन १,२२५ किलो आणि त्या वजनाला रचना ३.८ जीची, म्हणजे वजनाच्या ३.८ पट भार झेलणारी. तेच विमान १,४०० किलोवर उडवलं तर ढोबळ हिशेबाने उरतात ३.३ जी. पंखाच्या टोकाकडच्या टाकीतलं इंधन पंखाच्या मुळावरचा भार हलका करतं हे खरं, पण धडाचं, लँडिंग गिअरचं आणि इंजिन माउंटचं गणित त्याने बदलत नाही.

व्हीएनई, आणि उंचीवर शक्तीचं काय होतं

आरव्ही-१० ची व्हीएनई ताशी २३० मैल, म्हणजे २०० नॉट. व्हॅन्सचं सांगणं असं की ही मर्यादा खऱ्या हवाई वेगाची धरावी, वेगदर्शकावरच्या वेगाची नव्हे. कारण फ्लटर. हवा विरळ झाली की पंख-शेपटीच्या कंपनांना आवर घालणारं अवमंदन कमी होतं, पण ती कंपनं पेटवणारा खरा वेग तेवढाच राहतो. १८,००० फुटांवर खरा वेग दर्शकावरच्या वेगाच्या १.३२ पट असतो, २५,००० फुटांवर १.४९ पट. म्हणजे २०० नॉटची मर्यादा दर्शकावर अनुक्रमे १५१ आणि १३४ नॉटवरच येऊन ठेपते. २५,००० फुटांवर दर्शकावर १५० नॉट पाहून निश्चिंत बसलेल्या पायलटचं विमान प्रत्यक्षात २२४ नॉटने चाललेलं असतं. मूळ इंजिनावर हे विमान १७० नॉटच्या आसपास क्रूझ करतं. वर जागा आहे ती ३० नॉटची, आणि ती भरायला त्याच उंचीवर साधारण १.६ पट शक्ती पुरते. त्यापुढचे अश्व फक्त चढाईला उपयोगी.

आता उलट बाजू. टर्बाइनची जाहीर शक्ती समुद्रसपाटीची असते. २०,००० फुटांवर हवेची घनता निम्म्याच्या जवळ येते, थंडी आणि समोरून येणाऱ्या हवेचा दाब थोडी भरपाई करतात, तरीही ४५० अश्वशक्तीचं इंजिन तिथे २५०-२७० च्या आसपास देतं. लँकेअर आयव्ही-पी या दाबयुक्त किट विमानावरचं ३५० अश्वशक्तीचं टर्बोचार्ज्ड कॉन्टिनेंटल टीएसआयओ-५५० त्या उंचीवर आपली शक्ती बऱ्यापैकी टिकवून धरतं. थोडक्यात, लँकेअरमध्ये ४५० ची टर्बाइन बसवून क्रूझचा वेग वाढण्याऐवजी घटूही शकतो, आणि इंधन जास्त जातं ते वेगळंच. लँकेअरने स्वतः विकलेल्या प्रॉपजेटमध्ये ७५० अश्वशक्तीचं एम६०१ई का होतं आणि नंतरच्या इव्होल्यूशनमध्ये ७५० चंच पीटी६ए-१३५ए का आलं, याचं उत्तर इथे आहे. उंचीवर शिल्लक राहणारी शक्ती पाहून इंजिन घ्यायचं आणि खाली, दाट हवेत, टॉर्कची, म्हणजे शाफ्टला पीळ देणाऱ्या जोराची, मर्यादा घालून ते रोखायचं.

चार इंजिनं

पीटी६ए हे या यादीतलं सर्वांत निर्धोक नाव. तीन अक्षीय आणि एक केंद्रोत्सारी कॉम्प्रेसर, उलटा प्रवाह, आणि गॅस जनरेटरशी (कॉम्प्रेसर आणि त्याला फिरवणारी टर्बाइन) यांत्रिक जोड नसलेली मुक्त पॉवर टर्बाइन. हवा मागून आत, एक्झॉस्ट पुढून बाहेर. पीटी६ए-२१ आणि -१३५ए या मॉडेलांची ओव्हरहॉलची मुदत ३,६०० तास, मध्ये १,८०० तासांवर हॉट सेक्शनची, म्हणजे ज्वलनकक्ष आणि टर्बाइनच्या गरम भागाची, तपासणी. -२१ हे रूपांतरासाठी विशेष सोयीचं: आतला भाग ६८० अश्वशक्तीच्या -२७ चा, पण गिअरबॉक्समुळे ५५० वर रोखलेला. म्हणजे उंचीवर शक्ती टिकते आणि खाली तापमानात ऐसपैस अंतर राहतं. वजन १५० किलोच्या आसपास. दुरुस्ती करणारे कसबी लोक आणि सुटे भाग जगभर मिळतात, हा गुण कागदावर दिसत नाही पण पाचव्या वर्षी कळतो. दोष एकच म्हणण्यासारखा: हलक्या विमानासाठी हे फारच मोठं आहे.

एम६०१ त्याच घडणीचं, दोन अक्षीय आणि एक केंद्रोत्सारी टप्प्यांचं. मूळ घर एल-४१० हे प्रवासी विमान. तिथून उतरलेली अनेक इंजिनं किट विमानांवर आली. कॉम्प एअर आणि टर्बाइन लेजंड यांनीही हेच वापरलं. २००८ मध्ये जीईने वॉल्टरचा इंजिन-व्यवसाय घेतला आणि पुढे त्यातूनच एच८० आलं. इंजिन दणकट आणि निगुतीने चालवलं तर सहनशील. वजन मात्र २०० किलोच्या घरात. शिवाय तासांबरोबर वर्षांचीही मुदत असते, आणि इथेच खरेदीदार फसतो: नुसत्या तासांवर ‘निम्मं आयुष्य शिल्लक’ दिसणाऱ्या इंजिनाची कॅलेंडर मुदत संपलेली असू शकते. प्रॉपेलरचंही बघावं लागतं. एल-४१० वरच्या तीन पात्यांच्या अव्हिया व्ही५०८ चा व्यास २.५ मीटर, पाच पात्यांच्या व्ही५१० चा २.३ मीटर. नोजव्हील विमानाला टायर आणि शॉक दबलेल्या अवस्थेत किमान १८ सेंटिमीटर अंतर जमिनीपासून हवं. लहान किटमध्ये ते मिळत नाही, म्हणजे वेगळा प्रॉपेलर आला. एल-४१० वर या इंजिनासोबत इलेक्ट्रॉनिक लिमिटरही असतो. रूपांतरात तो आला नाही तर टॉर्क आणि तापमानाची राखण पायलटच्या हातावर आणि डोळ्यांवर.

आरआर २५० सुमारे ९० किलोचं, ४२० ते ४५० अश्वशक्तीचं. घेताना मॉडेलचं नाव दोनदा वाचावं. सी२० मालिका हेलिकॉप्टरची. तिचा आउटपुट शाफ्ट मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो आणि त्यावर प्रॉपेलर लावता येत नाही. विमानासाठीचं बी१७; त्याला प्रॉपेलरचा गिअरबॉक्स असतो आणि प्रॉपेलर २,०३० फेऱ्यांवर चालतो. हेलिकॉप्टरचं स्वस्तात मिळालं म्हणून घेणारे नंतर गिअरबॉक्सच्या शोधात अडकतात. सोलॉयने सेस्ना २०६ आणि २०७ साठी या घराण्याचं इंजिन स्वतःच्या गिअरबॉक्ससह बसवलं होतं. ती प्रमाणित अभियांत्रिकी होती, गॅरेजमधलं काम नव्हे. ट्रेडविंड टर्बाइन्सचं बोनान्झा आणि ओ अँड एनचं सिल्व्हर ईगल पी२१० ही बी१७ ची प्रमाणित रूपांतरं. किट बांधणाऱ्याने ती जवळून पाहण्यासारखी आहेत. बोनान्झाला पंखटोकाच्या टाक्या का लागल्या, हे वरचा हिशेब वाचल्यावर वेगळं सांगायला नको. या वर्गात आमची पसंती बी१७ ला, पण फक्त टाकी ३५० लिटरच्या वर असेल तर.

टीपी१०० सुमारे ६२ किलोचं, २४१ अश्वशक्तीचं. पूर्ण शक्तीवर तासाला ९३ किलो, म्हणजे ११५ लिटरच्या वर. एवढ्याच शक्तीचं पिस्टन इंजिन क्रूझला त्याच्या निम्म्याहून कमी घेतं. वीस मिनिटांच्या प्रात्यक्षिक उड्डाणांसाठी ठीक. प्रवासी विमानासाठी नाही.

बसवताना: नाकाची लांबी

टर्बाइन हलकं असतं हे कौतुकाने सांगितलं जातं. सीजीच्या, म्हणजे विमानाच्या गुरुत्वमध्याच्या, हिशेबात तोच त्रास असतो. एक उदाहरण. पिस्टन इंजिन सामानासह २०० किलो, त्याचा मध्य फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या, ५५ सेंटिमीटर पुढे. प्रॉपेलर ३० किलो, एक मीटर पुढे. विमानाचा सीजी फायरवॉलच्या १.१ मीटर मागे. सीजीभोवतीचं आघूर्ण झालं ३३० अधिक ६३, म्हणजे ३९३ किलोग्रॅम-मीटर. टर्बाइन सामानासह ११० किलो. ३० किलोच्या नव्या बॅटऱ्या फायरवॉलच्या पुढे १५ सेंटिमीटरवर ठेवल्या तर त्यांचे ३७.५. प्रॉपेलर तोच, इंजिनाच्या मध्यापासून ६० सेंटिमीटर पुढे. समीकरण सोडवलं की इंजिनाचा मध्य फायरवॉलपासून १.३१ मीटरवर येतो. आधी होता त्याहून पाऊण मीटर पुढे. नाक तेवढं लांबतं.

लांब नाकाची किंमत शेपटीला मोजावी लागते. सीजीच्या पुढे बाजूचं क्षेत्रफळ वाढलं आणि प्रॉपेलरही पुढे गेला; दोन्ही गोष्टी दिशास्थिरता आणि पिच-स्थिरता कमी करतात. उभा फिन मोठा करावा लागू शकतो किंवा पोटाखाली व्हेंट्रल फिन लावावा लागतो. हे अंदाजाने ठरवू नये. उड्डाण-चाचणीत स्थिर साइडस्लिप घ्यावी (नाक वाऱ्याला तिरकं ठेवून उडावं), रडर सोडावा आणि नाक आपणहून परत येतं का ते पाहावं. कमी वेगात, पूर्ण शक्तीवर, दोन्ही बाजूंनी. एका बाजूला येतं आणि दुसऱ्या बाजूला रेंगाळतं, असं बऱ्याचदा दिसतं.

माउंटचा भार किती बदलतो ते टॉर्कवरून कळतं. २६० अश्वशक्ती २,७०० फेऱ्यांवर म्हणजे सुमारे ६८५ न्यूटन-मीटर. ४५० अश्वशक्ती २,०३० फेऱ्यांवर म्हणजे १,५८० च्या जवळ. दुपटीहून जास्त. अमेरिकेच्या जुन्या पार्ट २३ या लहान विमानांच्या प्रमाणन-नियमांत टर्बोप्रॉपच्या माउंटसाठी सरासरी टॉर्कला १.२५ चा गुणक आहे, आणि प्रॉपेलर अचानक फेदर होण्यासारख्या (पाती वाऱ्याला कडेने उभी राहण्यासारख्या) बिघाडासाठी १.६ चा. जायरोस्कोपिक भारासाठी यॉमध्ये सेकंदाला २.५ रेडियन आणि पिचमध्ये १ रेडियन, सोबत २.५ चा भारगुणक. प्रायोगिक विमानाला हे नियम बांधील नसतात, पण माउंटचा आराखडा करणाऱ्याने ते वापरलेले नसतील तर दुसरा माणूस शोधावा. नळ्या ४१३० क्रोमोली, टिग वेल्डिंग, आणि नळी जिथे माउंटच्या कड्याला मिळते तिथे गसेट, म्हणजे बळकटीचा पत्रा. तडे बहुधा वेल्डच्या कडेला, उष्णतेने बदललेल्या पट्ट्यात सुरू होतात. म्हणून माउंट फिकट रंगाने रंगवावं, गडद रंगात केसाएवढी चीर दिसत नाही.

हवा, उष्णता, इंधन, वीज

पीटी६ए आणि एम६०१ ची हवा मागच्या बाजूने आत जाते, त्यामुळे काउलिंगच्या मागच्या भागात हवाबंद प्लेनम, म्हणजे हवेची पेटी, बांधावा लागतो. तिथे सील फाटलं की काउलिंगमधली गरम हवा इंजिनात शिरते, टर्बाइनमधलं तापमान म्हणजे आयटीटी चढतं, आणि पायलट इंजिनाला दोष देतो. पाऊस, बर्फ आणि खड्यांसाठी इनर्शियल सेपरेटर हवाच. एक्झॉस्टच्या दोन आखूड नळ्या नाकाच्या दोन्ही बाजूंना येतात आणि गरम वायू धडाला चाटत मागे जातो. धातूच्या विमानात काजळी धुवावी लागते, एवढंच. कॉम्पोझिट विमानात प्रश्न मोठा आहे: साध्या तापमानाला जमवलेला आणि नंतर भाजलेला इपॉक्सी ८०-९० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. काउलिंगवर, विंडशील्डच्या कडेला आणि दाराच्या सीलजवळ तापमान दाखवणाऱ्या पट्ट्या चिकटवून पहिली काही उड्डाणं करावीत. 

इंधनाच्या नळ्यांकडे दुर्लक्ष होतं, आणि बंद पडणारी रूपांतरं बहुधा इथेच बंद पडतात. आयओ-५४० ला टेकऑफवर तासाला १०० लिटर पुरतात. एम६०१ई पूर्ण शक्तीवर २७५ लिटरच्या आसपास मागतं. तीन-अष्टमांश इंचाची नळी, तिच्यावरचा टाकी निवडणारा सिलेक्टर, पाणी-गाळ पकडणारा गॅस्कोलेटर हे सगळं त्या प्रवाहासाठी बनलेलं नाही. किमान अर्ध्या इंचाच्या नळ्या आणि त्याच मापाचा झडप-सेट घ्यावा. नाक वर उचलून, टाकीत किमान इंधन ठेवून, बूस्ट पंपाने कॅनमध्ये प्रवाह मोजावा. टेकऑफच्या गरजेच्या १२५ टक्के मिळाला नाही तर पुढे जाऊ नये. डावी-उजवी टाकी हाताने बदलायची सवय टर्बाइनला सोसत नाही. हवेचा एक मोठा बुडबुडा आला की ज्योत विझते. दोन्ही टाक्यांतून भरणारी छोटी हेडर टाकी आणि तिच्यात पातळी घटल्याचा स्वतंत्र इशारा, ही रचना सर्वांत खात्रीची.

बाकीच्या गोष्टी भराभर. टाकीत आतून ओतलेलं जुनं स्लॉशिंग सीलंट असेल तर ते आधी काढावं, कारण त्याचे पापुद्रे सुटले की बारीक फिल्टर तुंबतो. रबरी ओ-रिंग नायट्राइलच्या किंवा फ्लोरोकार्बनच्या. ईपीडीएम जेट इंधनात फुगतं. कपॅसिटन्सवर चालणारे इंधनमापक पुन्हा कॅलिब्रेट करावे, कारण जेट इंधनाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक वेगळा आहे आणि जुना तक्ता चुकीचे लिटर दाखवतो. जेट ए-१ उणे ४७ अंशांपर्यंत वाहतं, पण त्यात विरघळलेलं पाणी त्याआधीच गोठून फिल्टरवर बसतं. ऑइल-टू-फ्युएल हीटर नसेल तर ०.१० ते ०.१५ टक्के अँटी-आयसिंग द्रव मिसळावा, आणि तो भरताना धारेबरोबर मिसळावा. टाकीत आधी ओतून ठेवला तर तळाशी बसतो आणि सीलंट व रंग खातो.

वीज १२ व्होल्टची २४ होते. पीटी६ए चा स्टार्टर सुरुवातीला ८०० ते १,००० अँपिअर ओढतो, म्हणून बॅटरी ते स्टार्टर केबल जाड आणि आखूड, आणि ऋण बाजूचीही तितकीच. कॉम्पोझिट विमानात धडाला अर्थ म्हणून वापरता येत नाही, हे पहिल्यांदा धातू सोडून आलेल्यांच्या उशिरा लक्षात येतं. आधुनिक एव्हिऑनिक्स दोन्ही व्होल्टेजवर चालतात. ट्रिमच्या मोटरी, दिवे, फ्लॅपची मोटर आणि रिले चालत नाहीत. त्यांच्यासाठी कन्व्हर्टर किंवा नवे भाग.

आणि एक बारीक नळी, जिच्यावर सगळं टांगलेलं असतं. पीटी६ए च्या फ्युएल कंट्रोलला कॉम्प्रेसरचा दाब कळतो तो पी३ नळीतून. ती चिरली, सैल झाली किंवा त्यात पाणी गोठलं की कंट्रोलला वाटतं हवा कमी आहे, आणि इंजिन आपोआप आयडलकडे उतरतं. हाताने इंधन देणारा आणीबाणीचा लिव्हर काही विमानांवर असतो. एका इंजिनाच्या विमानात तो बसवावाच, आणि जमिनीवर वापरून पाहावा.

लिव्हर आणि पहिला स्टार्ट

क्वाड्रंटमध्ये पॉवर, प्रॉपेलर आणि इंधन चालू-बंद करणारा कंडिशन असे तीन लिव्हर येतात. पॉवर लिव्हरला आयडलच्या मागे बीटा आणि रिव्हर्स (पाती सपाट आणि मग उलट्या कोनात नेणारा पट्टा) असतो; हवेत तिथे जाता येऊ नये म्हणून उचलल्याशिवाय न सरकणारा गेट हवा, नुसता स्प्रिंगचा अटकाव नको. हवेत बीटा लागला की प्रॉपेलर थाळीसारखा ब्रेक होतो आणि शेपटीवरची हवा तुटते.

पहिल्या स्टार्टआधी इंधन बंद ठेवून, इग्निशन बंद ठेवून, स्टार्टरने इंजिन फिरवावं आणि ऑइलचा दाब येतो का पाहावं. ऑइल टर्बाइनचं सिंथेटिक. पिस्टनच्या ऑइलचा उरलेला डबा हँगरमधून बाहेरच ठेवलेला बरा. पुढचा क्रम पीटी६ए साठी असा: बॅटरी २४ व्होल्टच्या खाली नको. इग्निशन, स्टार्टर, गॅस जनरेटरचा वेग म्हणजे एनजी १२ टक्क्यांच्या वर स्थिर, मग कंडिशन लिव्हरने इंधन. दहा सेकंदांत तापमान हललं नाही तर इंधन बंद, आणि आत साचलेलं इंधन बाहेर काढायला कोरडं मोटरिंग, म्हणजे इंधनाशिवाय नुसतं स्टार्टरने फिरवणं. तापमान चढू लागलं की नजर फक्त आयटीटीवर. -२१ आणि -१३५ए ला स्टार्टमध्ये १,०९० अंश, तेही दोन सेकंदच. काटा त्या दिशेने थांबण्याचं लक्षण न दाखवता धावतोय असं वाटलं की तिथे पोचायची वाट न पाहता इंधन तोडायचं, स्टार्टर चालूच ठेवायचा. एनजी मध्येच रेंगाळला तर तो हंग स्टार्ट. कारण बहुधा अशक्त बॅटरी किंवा बारीक केबल. एनजी ५२ टक्क्यांवर आलं की स्टार्टर बंद. स्टार्टरची विश्रांती: ३० सेकंद चालू, ६० बंद, पुन्हा ३० आणि ६०, तिसऱ्या ३० नंतर अर्धा तास थांबायचं. एका चुकलेल्या स्टार्टमध्ये हॉट सेक्शनचं जितकं आयुष्य जातं तितकं शेकडो तासांच्या उड्डाणात जात नाही. जमिनीवरचा जोडलेला वीजपुरवठा त्यामुळे चैन नाही.

यानंतर जमिनीवरच ओव्हरस्पीड गव्हर्नर, फेदर आणि रिव्हर्सच्या चाचण्या, टॉर्कमापकाचं कॅलिब्रेशन, काउलिंग काढून गळतीची पाहणी. मग टॅक्सी.

उडवताना

पॉवर आयडलला नेली की प्रॉपेलर सपाट पिचला येतो आणि विमान पिस्टनच्या सवयीपेक्षा खूप जोरात खाली बसतं. परत शक्ती मागितली तर ती लगेच येत नाही. एनजी वर चढायला काही सेकंद लागतात. म्हणून लँडिंगच्या अखेरच्या टप्प्यात थोडा टॉर्क ठेवूनच यायचं. लँकेअर आयव्हीसारख्या ९८ चौरस फुटांच्या छोट्या पंखावर ७५० अश्वशक्ती असेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, हा सर्वांत घातक क्षण ठरतो: कमी वेग, एकदम दिलेला पूर्ण टॉर्क, आणि एलेरॉन-रडर पुरेसे न पडता विमान डावीकडे कलंडतं. पॅनलवर टेकऑफ आणि गो-अराउंडसाठी वेगळी टॉर्क मर्यादा लिहावी आणि ती उंचीवर हळूहळू वाढवत तपासलेली असावी. प्रॉपेलर फेदर होणारा असणं सक्तीचं मानावं. बंद इंजिनावर सपाट पात्यांनी घसरणारं विमान पोहोचायचं तिथे पोहोचत नाही.

दाबयुक्त केबिनला लागणारी हवा कॉम्प्रेसरमधून घेतात. ती दोनशे अंशांच्या पलीकडे तापलेली असते, म्हणून हीट एक्स्चेंजर मोठा लागतो. पिस्टनच्या टर्बोचा जुना इंटरकूलर इथे पुरत नाही. घेतलेल्या हवेपोटी शक्तीही थोडी जाते, आणि टॉर्क तोच ठेवला तर आयटीटी वर सरकतं.

वापरलेलं इंजिन घेताना तासांच्या आधी चक्रं बघावीत. टर्बाइन आणि कॉम्प्रेसरच्या डिस्कचं आयुष्य स्टार्ट-उड्डाण-बंद अशा चक्रांत मोजलेलं असतं, आणि प्रत्येक डिस्कची अनुक्रमांकासह नोंद नसेल तर ती डिस्क संपलेली धरावी लागते. विकणारा ‘सगळं चालू आहे’ म्हणाला तरी. इंजिन बसल्यावर दर उड्डाणात एकाच उंचीला, एकाच टॉर्कला आयटीटी, एनजी, इंधनप्रवाह आणि बाहेरचं तापमान लिहून ठेवावं. आयटीटी, इंधन आणि एनजी तिन्ही वर सरकत असतील तर कॉम्प्रेसर मळला आहे. पाण्याने धुतल्यावर आकडे परत येतात. आयटीटी आणि इंधन वर पण एनजी खाली येत असेल तर ते धुऊन जाणार नाही. तेव्हा बोअरस्कोप, म्हणजे आत डोकावणारी बारीक दुर्बीण, घालून इंधनाच्या नोझलखालच्या पहिल्या रांगेतल्या व्हेन आणि ब्लेड पाहायच्या, आणि नोझल काढून फवारा तपासायचा.